पहिलं कातडं घरात कमवायचं की कारागिराकडं द्यायचं?

हे बघ भावा, हरणाचं असंल तर विषयच सोड, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात थेट गुन्हा बसतोय. बकऱ्याचं असंल तर पहिलं जाणत्या कारागिराकडंच दे, पण मीठ तुलाच लावायला लागतंय, सोलल्या सोलल्या, आतल्या बाजूनं, वजनाच्या निम्मं तरी जाडं मीठ, कडा अजिबात सोडू नको आणि उन्हात टाकू नको. मी एकदा संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलो, केस मुठीनं हातात आले, अख्खं कातडं वाया, लई वाईट वाटलं. कर्नाटकातल्या अथणीच्या कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरवतात, त्याला आठवडे जातात, कारागिराजवळ बसून बघ एकदा. मग घरात लहान तुकड्यावर कर, केस काढायला वापरतात त्या चुन्यात हात घालताना रबरी ग्लोव्हज पाहिजेतच.