एव्हरग्रीनचं घर घेण्याआधी ड्राइव्हवे कुठे तोंड करून आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत पुण्याहून अमेरिकेत, कोलोराडोतल्या डेन्व्हरला यायचं आहे, ऑफिस त्याला लागून असलेल्या लेकवूडला, आणि डोंगरातल्या एव्हरग्रीन गावाच्या वरच्या अंगाला कच्च्या रस्त्याच्या टोकाशी एक घर भाड्याने मिळतंय. बर्फ किती पडतो, रस्ते साफ होतात का, आणि फ्रंट-व्हील ड्राइव्हची साधी सेडान चालेल का?

यातला पहिला प्रश्न सगळेच आधी विचारतात आणि तोच सगळ्यांत कमी कामाचा आहे. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांवर सारखाच बर्फ पडतो. एकाच्या दारातला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाहून जातो, समोरच्याच्या दारात तो आठवडेच्या आठवडे दगडासारखा बसून राहतो. फरक पडतो तो ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेच्या, उतारामुळे, दिशेमुळे आणि तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे यामुळे. हे तीन मुद्दे नीट असतील तर बिनधास्त घ्या. नसतील तर घर कितीही देखणं असो, पहिल्या हिवाळ्यासाठी खाली गोल्डन किंवा लेकवूडमध्येच राहा.

उंचीचा अंदाज यावा म्हणून: डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरवर. म्हणजे तिथलं सपाट शहरच जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. एव्हरग्रीन २,२०० मीटरच्या आसपास, त्याच्या दक्षिणेचं कॉनिफर २,५०० च्या. (पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या भानगडीत पडू नका. कुकर बरोबर आणा.)

पश्चिमेकडून येणारी वादळं बराचसा बर्फ पलीकडच्या स्कीच्या गावांवर टाकतात आणि इकडे नुसता वारा सुटतो. एव्हरग्रीनला मोठा बर्फ देतो तो पूर्वेचा वारा. कमी दाबाचा पट्टा आग्नेयेला सरकून थबकला की मैदानावरची ओली हवा डोंगराला धडकून वर चढते आणि तिथेच रिती होते. कोकणातून घाट चढणाऱ्या ढगांचं जे होतं तेच, फक्त बाजू उलटी. मार्च २००३ च्या वादळात डेन्व्हरमध्ये ३१.८ इंच बर्फ पडला आणि एव्हरग्रीनच्या पट्ट्यात सहा फुटांच्या घरात. असं दरवर्षी होत नाही. पण मोठा आणि ओला, जड बर्फ बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतो हे लक्षात ठेवा. फेब्रुवारी संपला म्हणजे हिवाळा संपला असं समजून टायर बदलणारे हमखास अडकतात. सुरुवात ऑक्टोबरात होते, आणि मे महिन्यातही एखादा दिवस पांढरा उजाडू शकतो. मधूनच 'चिनूक' नावाचा कोरडा, उबदार वारा डोंगरावरून खाली येतो आणि काही तासांत हवा बदलून टाकतो. तेव्हा बर्फ भराभर वितळतो, आणि खरी कटकट तिथूनच सुरू होते.

दिवसा ऊन कडक असतं. वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहत सखल भागात, मोरीच्या तोंडाशी, झाडांच्या सावलीत येऊन थांबतं. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि तासाभरात त्या पाण्याची काच होते. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. दिसताना रस्ता फक्त ओला दिसतो. तुम्ही लेकवूडहून पाचला निघाल ते नेमके याच वेळेला वर पोचाल. समोरच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडताना दिसतंय तोवर रस्ता ओला आहे. उडायचं थांबलं आणि रस्ता तरीही चमकतोय, तर तो बर्फ आहे.

आता दिशा. आपल्याकडे दक्षिणमुखी घर नको म्हणून लोक नाक मुरडतात. इथे नेमकं तेच शोधा. ड्राइव्हवे दक्षिणेला उतरत असेल, आणि त्यावर पाइनची दाट सावली नसेल, तर निम्मं काम सूर्य करतो. उत्तर उतारावरच्या ड्राइव्हवेला डिसेंबर-जानेवारीत ऊन जवळजवळ लागतच नाही. पहिला थर टायरखाली दाबला जातो, त्यावर दुसरा, आणि शेवटी चार इंचांचा बर्फाची लादी तयार होते जी फावड्याने निघत नाही. घरमालकाने पाठवलेले जून महिन्यातले फोटो बघून यातलं काही कळायचं नाही. नकाशाच्या उपग्रहचित्रात उत्तर दिशा बघा आणि जानेवारीत दुपारी बारा वाजताचा फोटो मागा.

उतार मोजणं सोपं आहे. कोणाला तरी तिथे पाठवून ड्राइव्हवेवर तीन-चार फुटांची सरळ फळी ठेवायला सांगा आणि तिच्यावर फोन ठेवून लेव्हलच्या अॅपमधला कोन वाचायला सांगा. ५ अंश म्हणजे जवळपास ९ टक्के चढ, हा चालतो. ७ अंश म्हणजे १२ टक्के, इथे चांगले टायर लागतात. १० अंश म्हणजे साडेसतरा टक्के. उत्तरेकडे तोंड असलेला असा ड्राइव्हवे मी तरी कोणाला घ्यायला सांगणार नाही. वर जाताना नव्हे, उतरताना गाडी थांबत नाही, आणि तळाशी रस्ता असतो.

तिसरा मुद्दा ताब्याचा. एव्हरग्रीनचा बराचसा भाग जेफरसन काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) येतो. काउंटीचे प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारे ट्रक, आधी मोठे रस्ते घेतात, मग त्यांना जोडणारे, आणि वस्तीतले अगदी शेवटी. मोठ्या वादळात तुमच्या गल्लीचा नंबर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही लागू शकतो. पण रस्ता खाजगी असेल तर काउंटीचा प्लाऊ येतच नाही. मग तिथले रहिवासी वर्गणी काढून ठेकेदार लावतात, किंवा कोणीच काही लावत नाही. कच्च्या रस्त्याच्या टोकाचं घर म्हटल्यावर मला पहिली शंका हीच येते. घरमालकाला विचारा: रस्ता काउंटीचा की खाजगी? प्लाऊवाला किती इंच पडल्यावर येतो? पैसे भाड्यात धरलेत की वेगळे? शाळेची बस आणि कचऱ्याची गाडी कुठवर येते? ड्राइव्हवे कोणी साफ करायचा? उत्तरं तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या.

ड्राइव्हवे साफ करणं तुमच्याकडे आलं तर आधी हिशोब बघा. एक फूट ओला बर्फ म्हणजे ढोबळमानाने एक इंचाहून थोडं जास्त पाणी, अर्थात दर चौरस मीटरला तीसेक किलो. तीन मीटर रुंद, तीस मीटर लांब ड्राइव्हवेवर झाले २,७०० किलो, आणि ते या उंचीवर, विरळ हवेत उचलायचे. पहिल्या आठवड्यात तर मुळीच जोर करू नका. दर चार-पाच इंचांनी बाहेर पडून ढकलणं हे शेवटी एकदम उपसण्यापेक्षा सोपं, भले दिवसातून तीनदा जावं लागो. बर्फ उडवून फेकणारं मशीन घ्यायचं तर दोन टप्प्यांचा स्नोब्लोअर घ्या, २४ इंच रुंदीचा. एका टप्प्याच्या मशीनची रबरी पाती जमिनीला घासून चालतात, त्यामुळे खडीच्या ड्राइव्हवेवर ते बर्फाबरोबर खडीही शेजाऱ्याच्या काचेवर फेकतं. दोन टप्प्यांच्या मशीनला खाली घसरपट्ट्या असतात, त्या खाली सरकवून तोंड इंचभर वर उचलून ठेवा. दगड अडकला की त्याची शिअर पिन मुद्दामच तुटते, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. चार-सहा जास्तीच्या पिना आणि पाना हाताशी असू द्या. बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीत बर्फ अडकला तर मशीन बंद करून काठीने काढा, हात कधीही घालू नका. इंजिन बंद असतानाही ताण सुटून पातं फिरू शकतं. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटर चोंदवतं, तेव्हा हंगाम संपला की टाकी रिकामी करा. दर हजार फुटांना इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद कमी होते, म्हणून दुकानात 'पुरेल' वाटलं त्याच्या एक पायरी वरचं घ्या.

आणि एक बारकी गोष्ट, जी नव्या माणसाला कोणी सांगत नाही. तुम्ही घाम गाळून ड्राइव्हवेचं तोंड मोकळं करता आणि दहा मिनिटांत प्लाऊ येऊन तिथे गुडघाभर बांध घालून जातो. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे तुमच्या बाजूचा प्लाऊ डावीकडून उजवीकडे जाणार. काढलेला बर्फ उजव्या हाताला टाका, आणि डाव्या हाताला ड्राइव्हवेच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आठ-दहा फुटांचा खिसा मोकळा करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बर्फ त्या खिशात पडतो, तुमच्या तोंडाशी फारसा उरत नाही.

साधं मीठ साधारण उणे ९ अंशांखाली काम करत नाही. कॅल्शियम क्लोराइड त्याहून बऱ्याच थंडीत चालतं. पण घराला विहिरीचं पाणी असेल तर दोन्ही जपून वापरा. खडीच्या चढावर मला मिठापेक्षा जाड वाळू बरी वाटते.

गाडीबद्दल. सेडान चालेल, पण टायर बदलून. ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद) गाडीला निघायला मदत करतं, थांबायला नाही. थांबवतं ते रबर. सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं, विंटर टायरचं मऊ राहतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. चारही चाकांना लावा. फक्त पुढे लावले तर पुढचा भाग वळतो आणि मागचा सरळ जातो. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत ठेवा. सेडानची खरी मर्यादा आहे तिच्या पोटाची उंची: पाच-सहा इंच. आठ इंच बर्फात ती स्वतःच प्लाऊ होते आणि चाकं अधांतरी फिरतात. एव्हरग्रीनमध्ये दर दुसऱ्या दारात सुबारू दिसते ती यासाठी. आउटबॅकचं पोट ८.७ इंच वर आहे.

कायदाही माहीत हवा. आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ, म्हणजे चाकांच्या पकडीचा कायदा, लागू असतो. मॉरिसन एव्हरग्रीनच्या खाली येतं, म्हणजे आय-७० ने गेलात तर तुमचा रोजचा रस्ता यातच. विंटर किंवा चिखल-बर्फाच्या खुणेचे टायर, नाहीतर ऑल-व्हील ड्राइव्ह, आणि दोन्हींत किमान ३/१६ इंच, म्हणजे ४.८ मिलिमीटर खोल टायरची खाच. हे नसेल तर साखळ्या किंवा टायरवर चढवायचे कापडी मोजे गाडीत हवेत. दंड १३० डॉलरच्या वर, आणि तुमच्यामुळे रस्ता अडला तर ६५० च्या वर. खाच मोजायला नाण्याची युक्ती सांगतात, ती सोडा. गेज चार-पाच डॉलरला मिळतं. थंडीत दर दहा फॅरनहाइटला टायरची हवा एक पीएसआयने उतरते, तीही बघत जा.

आय-७० वरच्या जेनेसीहून डेन्व्हरकडे उतरताना सहा टक्क्यांचा लांबलचक घाट आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी तिथे खडीची वेगळी मार्गिका आहे, त्यावरून काय ते समजा. खंडाळ्यात उतरता तसं गिअर खाली टाका. ऑटोमॅटिकमध्येही 'एल' किंवा मॅन्युअल मोड असतो. वस्तीतल्या अरुंद चढावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढणारा एकदा थांबला की पुन्हा निघत नाही. वायपरचं पाणी उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं भरा. टपावरचा बर्फ झाडूनच निघा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. रस्त्याची स्थिती राज्याच्या सीओट्रिप अॅपवर कॅमेऱ्यांसकट दिसते. शनिवारी सकाळी स्कीवाल्यांची रांग वर जाते आणि रविवारी दुपारी खाली येते, त्या वेळी किराणा आणायला निघू नका.

घरात एकच गोष्ट विसरू नका: विहिरीचा पंप विजेवर चालतो. ओल्या बर्फाने फांदी तारेवर पडली की विजेबरोबर पाणीही जातं. वादळाचा इशारा आला की बाथटब आणि दोन-चार बादल्या भरून ठेवा. जनरेटर लावलाच तर घराबाहेर, खिडक्यांपासून दूर. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नको, कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत जातात. घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या नळ्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघत असतील तर त्यांच्या तोंडावरचा बर्फ काढत राहा. प्रोपेनची टाकी ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत. काटा ३० वर आला की मागवा, कारण ड्राइव्हवे साफ नसेल तर टँकरवाला खालूनच परत जातो.

आणि डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जाल तेव्हा हीटर बंद करू नका. १३ अंशांवर ठेवा, बाहेरच्या नळाची होज काढून टाका, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा. तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे घराच्या किल्ल्या घेतानाच बघून घ्या.