फ्रेमला ग्राइंडर लावण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. आजोबांची बुलेट इतक्या वर्षांनी गोठ्यातून बाहेर आली, हे पाहून किती बरं वाटलं ते लिहून कळणार नाही. पण तिसऱ्या फोटोत भिंतीला टेकवलेला ग्राइंडर दिसला, आणि सीटखालची मागची फ्रेम कापून गाडी बॉबर, म्हणजे मागून आखूड आणि एका सीटची, करायची, असं तू लिहिलंयस. म्हणून बाकीचं मागे ठेवून आधी एवढंच सांगतो: निदान हे वर्षभर त्या फ्रेमला ग्राइंडर लावू नकोस.

हौस मार असं मी म्हणत नाही. गाडी तुझी आहे आणि ती तुझ्यासारखी दिसावी हे मला पटतं. माझी कसोटी इतकीच आहे की बदल केल्यावर नुसत्या पान्यांनी, एका दिवसात, गाडी पुन्हा होती तशी करता आली पाहिजे. हँडल बदल, जुनं कापडात गुंडाळून माळ्यावर ठेव. एका माणसाची स्प्रिंगची सीट हवी असेल तर मूळच्या भोकांवर बसेल असं ब्रॅकेट करून घे. मडगार्ड आखूड हवं तर बाजारातून दुसरं आण आणि ते काप. आजोबांचं मडगार्ड चांगल्या जाड पत्र्याचं आहे, तसं परत मिळणं अवघड. फ्रेमचं मात्र वेगळं. मागच्या शॉकअपचा वरचा आधार त्याच भागात आहे. खड्ड्याचा प्रत्येक दणका तिथे जातो, आणि घरच्या वेल्डिंगवर तो दणका सोपवायला माझं मन धजत नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडी मूळ बनावटीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. रंग बदललास तर आरसीवर नोंद करावी लागते. आणि तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नको. पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडलेले तू पाहिलेच असशील. मला विचारशील तर बुलेटचा खरा ठोका मूळ सायलेन्सरमधूनच ऐकावा. त्याच्यापुढे फटाके काय वाजवायचे!

आधी कागद. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म 31 लागतो आणि पंधरा वर्षं उलटून गेलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म 25. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं. ते होईपर्यंत गाडी शेडमध्येच सुरू कर, रस्त्यावर काढू नकोस.

याच कागदांपायी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. माझ्या पहिल्या बुलेटची फ्रेम मी सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंगला दिली. फ्रेम आरशासारखी होऊन आली, मी खूश. पुढे पासिंगच्या वेळी साहेबांनी चासी नंबरची पेन्सिलने छाप घ्यायला कागद लावला, तर अंकच उमटेनात. कोटिंगच्या थराने नंबर बुजून गेला होता. तो थर रिमूव्हर लावून हळूहळू सोलत बसलो आणि हात थरथरत होते, कारण एक अंक जरी पुसट झाला असता तर गाडीची ओळखच गेली असती. तुझ्या फ्रेमचा नंबर पुढे, हँडलच्या मानेवर कोरलेला असेल. फ्रेम द्यायच्या आधी त्याचा फोटो काढ, छाप घे, वर जाड टेपचे तीन-चार थर दे आणि कारागिराला समोर उभं राहून दाखव.

आता खोलण्याबद्दल. ही गाडी मुळात इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तेच मॉडेल इथे बनू लागलं. त्यामुळे तुझ्या 1983 च्या गाडीवरही बरेचसे आटे इंची आहेत. आपल्याकडच्या जुन्या बुलेटींचे हाल बघशील तर निम्म्याहून जास्त याच एका गोष्टीने झालेत. मिस्त्रीच्या डब्यात मिलिमीटरचे बोल्ट, गाडीला इंची आटे. बोल्ट दोन फेरे जातो, मग पान्याने रेटतात. बोल्ट बसतो, आणि आतले आटे गेलेले असतात. म्हणून नियम ठेव: कुठलाही बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे गेला पाहिजे, मगच पाना. जात नसेल तर तो तिथला नव्हे. पानेही इंचीच वापर. 13 चा पाना 'जवळजवळ बसतो' म्हणून लावलास की बोल्टचे कोपरे गेले म्हणून समज.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर डबी. दिवाळीच्या फराळाचे प्लॅस्टिकचे डबे यासाठी उत्तम. डब्यावर चिठ्ठी लाव, आणि नुसतं 'बोल्ट' न लिहिता 'डावं चेनकेस, खालचा लांब' असं लिही. सहा महिन्यांनी जोडायला बसशील तेव्हा आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

एका जागी फार सांभाळ. इंजिनाच्या उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला ऑइल पंप फिरवणारा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, आहे. त्याचे आटे उलटे आहेत, म्हणजे सुटायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. हे ठाऊक नसलेल्या माणसाने तो नेहमीच्या सवयीने हिसकला की क्रँकच्या टोकाचे वांधे. तिथल्या गिअरांवर ठिपके आणि रेघा आहेत. काढण्याआधी त्या जुळवून फोटो घे.

बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजला असेल तर ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. मूळ बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 90. पण पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायला देऊ नकोस. कारागिराने तोच पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाचा बोअर करायचा असतो. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात जी माणसं नीट काम करतात, ती पिस्टन आणला का हेच आधी विचारतात. जो विचारत नाही, त्याच्याकडून ब्लॉक परत घेऊन ये. कनेक्टिंग रॉडही बघ. रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. वर-खाली खडखड लागली तर बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचं, काम आहे. थोडं आडवं हललं तर घाबरू नकोस, तेवढं असतंच.

प्लगची ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर, प्लगची 0.5. ठिणगीच्या टायमिंगचं माप पिस्टन अगदी वर येण्याच्या 0.8 मिलिमीटर आधी, ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना. हेड चढवण्याआधीच व्हर्नियरने हे मोजून खूण करून ठेव. पॉइंट नेमका कधी उघडतो ते कळायला पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी पॉइंटमध्ये धर आणि इंजिन हळूहळू फिरव. पट्टी सुटून हातात आली, तो क्षण. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर लाव: पुशरॉड दोन बोटांनी गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. हे बोटांना कळायला वेळ लागतो. दहा वेळा सैल कर, दहा वेळा लाव.

ऑइलच्या बाबतीत मी हट्टी आहे. नवं बसवलेलं बुलेटचं इंजिन कोरडं सुरू केल्यामुळे जाताना मी पाहिलंय, आणि ज्याने वर्षभर राबून ते उभं केलं होतं त्याचा चेहरा अजून आठवतो. पंपाची चकती तिच्या बैठकीवर सपाट बसते का ते तपास. बसत नसेल तर बारीक पेस्ट लावून घासून घे. जोडल्यावर प्लग काढ आणि नुसत्या किका मारत राहा. घाम येईल, येऊ दे. मग सुरू केल्यावर हेडवरच्या रॉकरकडे जाणारी ऑइलची जोडणी जराशी सैल करून तिथे ऑइल येतंय का ते डोळ्यांनी बघ. नाही आलं तर त्याच क्षणी इंजिन बंद.

टाकीत गंज असेल. व्हिनेगर भरून दोन दिवस ठेव, बारीक खडी घालून हलव, खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, आणि वाळताच आत ऑइल फिरव, नाहीतर तासाभरात पुन्हा लाल होईल. पेट्रोल वर्षानुवर्षं आत राहिलेल्या टाकीला डाग द्यायला किंवा वेल्डिंगला कधीही घरी बसू नकोस. रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ठिणगी पडली की ती फुटते. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर फुंकर नको, हवेची गनही नको. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं फेकून दे.

वायरिंग नवं कर, त्यात काटकसर नको. बॅटरी जोडण्याआधी बॉडीला कोणतं टोक गेलंय ते बघून घे. सहाच्या जागी बारा व्होल्ट करायचं असेल तर नंतर करू, त्यासाठी काही कापावं लागत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या आहेत, म्हणून टाकी खरवडण्याआधी त्या बटर पेपरवर उतरवून घे. आणि फोटोत टाकीच्या दोन्ही बाजूंना रंग झिजून पत्रा दिसतोय ना, ती आजोबांच्या गुडघ्यांची जागा आहे. ते बाजारच्या दिवशी आमच्या दारात गाडी लावायचे, तेव्हापासून मी ती जागा पाहत आलोय. तिथे पातळ लॅकर मारून ती तशीच ठेवलीस तर मला फार आवडेल. पण हे मी तुझ्यावर लादत नाही.

तुझा भाऊ रविवारी उद्यमनगरात येणार आहे म्हणालीस. त्याच्याजवळ क्लचचा पुलर आणि माझा इंची पान्यांचा सेट देतो. तोवर डाव्या बाजूचं चेनकेस उघडू नकोस, आतला क्लच स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा मोह होतो. टाकी धुवायला मात्र घे. आणि चासी नंबरचा फोटो आजच काढून मला पाठव.

तुझा,
काका