घरखर्चाचे गट पाडले, पण ‘इतर’ काही आटोक्यात येत नाही. तो बंद कसा करावा?

नका बंद करू. बाकीचे गट एक वेळ चुकले तरी चालतील, हा राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की पगार झाला की भाडं, किराणा, दूध, लाईट-गॅस, पेट्रोल, मुलीची फी, विमा असे भाग पाडून तुम्ही पत्नीला घरखर्च देता. महिनाअखेरीला ‘इतर’च्या रकान्यात दोन-अडीच हजार निघतात, आणि कशाचे म्हणून विचारलं की त्या चिडतात. त्या का चिडतात हे मला इथे बसून कळतंय.

माझे वडील बार्शीला मार्केट यार्डात आडत दुकानावर दिवाणजी होते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहायचे आणि घरीही वही असायची. पगार झाला की घरखर्चाचे पैसे मोजून आईच्या हातात द्यायचे, पुढचे भाग आई पाडायची. आलेल्या लग्नपत्रिकांची पाकिटं ती जपून ठेवायची, कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं लागलेली. त्यावर पेन्सिलीने लिहायची: बेगमी, शाळा, दवाखाना, आहेर, दिवाळी. पेन्सिलीने अशासाठी, की पुढच्या वर्षी तेच पाकीट दुसऱ्या कामाला लावता यावं. ‘बेगमी’त दर महिन्याला थोडे थोडे पडायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी यार्डात उतरली की वर्षाची ज्वारी एकदम भरायची, मागोमाग डाळी, मग उन्हाळ्यात तिखट-मसाला. ‘शाळा’ जूनमध्ये रिकामं व्हायचं आणि जुलैपासून पुन्हा भरायला लागायचं. तुमच्या यादीत हे दिसत नाही. तुमचे सगळे गट महिन्याचे आहेत. गणपती-दिवाळी, गाडीचं सर्व्हिसिंग, घरातली लग्नकार्यं हे सगळं वर्षातून एकदा येतं आणि ज्या महिन्यात येतं तो महिना खातं. मोबाईलचा २८ दिवसांचा रिचार्जसुद्धा वर्षात बारा नाही, तेरा वेळा होतो. तुमच्या ‘इतर’मधले निम्मे पैसे इथे जात असणार.

उरलेल्या निम्म्यांचं सांगते. आईच्या एका पाकिटावर काहीच लिहिलेलं नसायचं. ते पोह्यांच्या डब्यात तळाशी असायचं. भाजीत घासाघीस करून वाचलेले, रद्दीचे, भाऊबीजेच्या ओवाळणीचे, मामाने साडीसाठी म्हणून हातात ठेवलेले असे पैसे त्यात जायचे. माझ्या टायपिंगच्या परीक्षेची फी त्यातून गेली. बाबा ‘पोरीला कशाला’ म्हणून नाही म्हणाले होते. त्या इंग्रजी टायपिंगच्या, मिनिटाला ४० शब्दांच्या सर्टिफिकेटवर मी नोकरीला लागले. दादाचा पतसंस्थेचा हप्ता थकला तेव्हा वसुलीवाले दारात येऊ नयेत म्हणून तोही त्यातूनच गेला. बाबांच्या वहीत यातलं काही सापडणार नाही.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. पोह्यांच्या डब्यात ३१,५०० रुपये होते, सगळे पाचशेच्या नोटांत. आईचं स्वतःचं खातं होतं, पण जिल्हा बँकेत. १० तारखेला बँका उघडल्या तरी ती गप्प बसली, घरात सांगावं की नाही या विचारात. रिझर्व्ह बँकेने १४ तारखेला जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली आणि तिची ती एक वाट बंद झाली. काउंटरवर बदलून मिळायचे ते काही हजारच, तेही गावभर ओळखीच्या रांगेत उभं राहून. शेवटी तिने डबा आणून बाबांच्या पुढे ठेवला. बाबांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि विचारलं, ‘आणखी कुठे कुठे आहेत?’ दादा हसला. पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ही गोष्ट रंगवून सांगायचा. आई तेव्हा आत स्वयंपाकघरात असायची.

पैसे बाबांच्या खात्यात भरले. ते आईकडे परत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी दादाच्या मोटरसायकलचं डाऊन पेमेंट त्यातूनच झालं.

दादा आजही म्हणतो, नवऱ्याच्या नकळत ठेवलेले पैसे म्हणजे चोरीच. माझं त्याच्याशी इथेच जमत नाही. जी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात राबते आणि जिला त्याचा एक रुपया पगार नाही, तिने घरखर्चातून वाचवलेले पैसे तिचे आहेत. तिने ते कुणाच्या नकळत ठेवले, कारण कळले असते तर राहू दिले नसते, आणि कळल्यावर राहू दिले नाहीतच. सरकारलासुद्धा हे समजत होतं. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंतच्या जुन्या नोटा भरल्या तर चौकशी नाही, असं तेव्हा जाहीर झालं होतं. चौकशी झाली ती आमच्या माजघरात. १० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी स्पष्टच लिहिलंय की भारतीय पुरुषाने गृहिणी असलेल्या पत्नीच्या वैयक्तिक गरजांसाठी पैशांची सोय करावी, जोडखातं उघडावं, एटीएमही तिला वापरू द्यावं. इतक्या साध्या गोष्टीवर न्यायालयाला लिहावं लागतं.

तेव्हा तुम्ही असं करा. ‘इतर’चे दोन तुकडे करा. वर्षातून एकदा येणारे सगळे खर्च लिहून काढा, बेरजेला बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला आरडीत किंवा वेगळ्या खात्यात टाका. दुसरा तुकडा पत्नीचा. त्याला हवं तर नाव द्या, पण हिशेब मागू नका, ‘सहज’ म्हणूनही नाही. तुमचा स्वतःचा चहा-मित्रमंडळींचा खर्च कुठल्या गटात टाकलाय ते एकदा बघा. जेवढे तुम्हाला तेवढेच त्यांना. आणि त्यांच्या खात्याचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर आला पाहिजे. खातं बायकोचं आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा, असली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

टक्क्यांचं विचारलंत. पन्नास-तीस-वीसचा नियम, म्हणजे पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला आणि वीस बचतीला, अमेरिकेतून आलेला आहे. पुण्या-मुंबईत भाडं आणि शाळेची फी देऊन झाली की बहुतेकांचा पन्नासचा भाग तिथेच संपतो. तुमचे मागच्या तीन महिन्यांचे खरे आकडे घ्या आणि तिथून सुरुवात करा.

यूपीआयने मात्र गटांचा बट्ट्याबोळ होतो हे खरं आहे. पगार येतो त्याच खात्यातून भाजीही घेतली तर कुठल्या गटातले गेले ते कळतच नाही. पगाराचं खातं यूपीआयला जोडूच नका. घरखर्चाची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवा आणि फक्त तेच जोडा. रोजच्या सुट्या खर्चाला यूपीआय लाईट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोट्या रकमांचं पाकीट, चांगलं. त्यात पाच हजारांच्या वर ठेवता येत नाही, त्यामुळे पाकिटासारखंच आपोआप संपतं.

हे सगळं ठरलेल्या तारखेला पगार येणाऱ्या घरासाठी. रिक्षा, शेती, हंगामी धंदा असेल तर सगळे गट एकदम भरताच येत नाहीत. तिथे आधी भाडं आणि किराणा, मग आलं तसं पुढचं. क्रेडिट कार्डाची थकबाकी डोक्यावर असेल तर गट पाडायच्या आधी ती फेडा, महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज कुठल्याच पाकिटातून भरून निघत नाही. आणि घरात रोकड फार ठेवू नका. आईचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. आता तिचं एका राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळं खातं आहे, माझ्या पगारातून दर महिन्याला त्यात पैसे जातात. त्यांचं ती काय करते हे मी विचारत नाही, आणि दादानेही विचारू नये असं मी त्याला सांगितलं आहे.

ॲप कुठलंही घ्या. वहीसुद्धा पुरते.