समुद्रातला कुठला भाग जैवविविधतेसाठी महत्त्वाचा, हे कसं ठरवतात?

"सगळं पाणीच तर आहे, मग त्यातला एक तुकडा वेगळा कसा काढणार?" असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवते, माझ्या वर्गातही हा प्रश्न निघतोच. राधानगरीच्या जंगलात गवे कुठे चरतात ते डोळ्यांना दिसतं. समुद्रात ते मागावर राहून शोधावं लागतं.

2008 साली जर्मनीतल्या बॉनला झालेल्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराच्या परिषदेत यासाठी सात निकष ठरले. जागा दुर्मीळ आहे का, धोक्यातले जीव तिथे असतात का, माणसाचा हात कितपत लागलाय, वगैरे. सातही लागू पडायला हवेत असं नाही, एखादा भक्कम असला तरी पुरतो. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे. तिचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, म्हणजे ऊन पोचतं आणि प्रवाळ वाढतं. पण अतिशय सावकाश. मोडलं की सावरायला किती काळ लागेल, हाही एक निकषच.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निकष असा: जिवाच्या आयुष्यातला कुठला टप्पा त्या जागेवाचून अडतो? ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वेळासच्या वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून निघून जाते. ती अंडी गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने जपली. पण मादी पुढे जाते कुठे? जानेवारी 2022 मध्ये तिथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव प्रथमा. ती श्वास घ्यायला वर आली की संदेश जातो, नकाशावर एक ठिपका पडतो. अशा अनेक माद्यांचे ठिपके जिथे दाट होतात, ती त्यांची चरण्याची जागा किंवा जाण्यायेण्याची वाट.

एवढं ठरलं तरी ती फक्त शास्त्रीय नोंद असते. तिथली मासेमारी रोखायची की नाही, हे आपापल्या हद्दीपुरतं त्या त्या देशाचं सरकार ठरवतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध होतच राहिला. म्हणून माझं ठाम मत आहे की नकाशा आखायला बसतानाच रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, सोबत घ्यावं. गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, मासळी कुठल्या महिन्यात किनाऱ्याला लागते, हे विचारायला त्यांच्याहून जाणकार माणूस नाही, आणि अंडी घालण्याच्या जागा शोधायला सुरुवात तिथूनच करता येते.