सरकार जरा जास्तच करतंय का?

प्रश्न: नमस्कार, नवीन साथ आली रे आली की सरकारं शाळा बंद, विमानं बंद असं सगळं लावून मोकळी होतात आणि नंतर कळतं की आजार एवढा भयंकर नव्हताच. दुसऱ्या एखाद्या वेळी माणसं मरायला लागली तरी कुणी हलत नाही. सरकार अती करतंय की योग्य, हे आपल्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

उत्तर: नमस्कार. तुम्ही म्हणताय ते दोन्ही खरंच घडलंय. पण नंतरचे मृत्यूचे आकडे हातात घेऊन निकाल देऊ नका, निर्णय घेतला त्या दिवशी काय माहीत होतं ते आधी बघा. सुरुवातीला हॉस्पिटलपर्यंत पोचतात ते सगळ्यात सिरीयस पेशंट, ज्यांना साधा ताप येऊन जातो ते घरीच बरे होतात आणि मोजले जात नाहीत, त्यामुळे आजार आहे त्यापेक्षा जास्त जीवघेणा वाटतो, २००९ मध्ये मेक्सिकोत स्वाइन फ्लूचं असंच झालं. बरं, खात्री होईपर्यंत थांबू म्हणावं तर केसेस दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील तर आजच्या शंभराच्या महिन्याभरात लाखाच्या वर जातात. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत सरकारनं थोडं जास्त केलं तर मी दोष देणार नाही, पण नवी माहिती आल्यावरही तेच रेटत राहिलं तर नक्की देईन.

१९७६ चं अमेरिकेचं उदाहरण घ्या. फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर नवा फ्लू सापडला, एक सैनिक गेला, १९१८ च्या भयंकर फ्लूच्या साथीची आठवण होऊन सगळ्या देशाला लस द्यायचं ठरलं. चार कोटींच्या वर लोकांनी लस घेतली, साथ काही आलीच नाही आणि गियाँ-बारे नावाच्या लकव्याच्या केसेस लस घेतलेल्यांत लाखामागे साधारण एकानं वाढल्या, डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. माझ्या मते लस बनवून ठेवणं बरोबरच होतं, पण टोचायला सुरुवात करण्याआधी साथ पसरतेय का हे बघायला हवं होतं. तयारी करणं आणि अंमलात आणणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, घाईत ते एकच होऊन बसतात.

आणि कडक म्हणजे उपयोगी असंही नाही हो. इजिप्तनं २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी देशात एकही केस नसताना सगळी डुकरं मारायला काढली, जवळपास तीन लाख, तेव्हा हा फ्लू माणसाकडून माणसाकडे पसरत होता! कैरोत घरोघरचा कचरा गोळा करून त्यावर डुकरं पाळणारी गरीब कुटुंबं उघड्यावर पडली आणि रस्त्यावर कचऱ्याचे ढीग साचले.

याहून वाईट झालं ते पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात. इबोलाची, म्हणजे रुग्णाच्या आणि मृतदेहाच्याही स्पर्शातून पसरणाऱ्या जीवघेण्या आजाराची, साथ मार्च २०१४ मध्येच जाहीर झाली होती, जागतिक आरोग्य आणीबाणी घोषित झाली ऑगस्टमध्ये, म्हणजे आधी उशीर. मग त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं राजधानी मनरोव्हियाची वेस्ट पॉइंट नावाची अख्खी झोपडपट्टी रातोरात बंद केली, हजारो माणसं आत, बाहेर सैनिक, आत अन्नाचे भाव भडकले, लोक चिडले, गोळीबार झाला आणि एक कोवळा मुलगा गेला. दहा दिवसांत बंदी उठवावी लागली. साथ आटोक्यात आली ती वस्तीतल्याच माणसांनी घरोघर जाऊन आजारी शोधले आणि घरच्यांचा मान राखून सुरक्षित दफन होऊ लागलं तेव्हा. म्हणून कुणाला घरात बसवत असाल तर त्याच्या जेवणाची आणि बुडालेल्या मजुरीची सोय आधी करा, नाहीतर तो उपाय कागदावर कितीही बरोबर असो, माणसं आजार लपवणारच.

प्रश्न: पण साथ आलीच नाही म्हणजे उपाय उगाचच होते, असं नाही का?

उत्तर: नेहमी नाही. २००३ मध्ये सार्स हा श्वसनाचा आजार आठ हजारांच्या आसपास लोकांना झाला, ७७४ गेले, आणि जुलैपर्यंत साखळी तुटली ती रुग्ण वेगळे ठेवल्यामुळेच. ते जमलं कारण सार्सचा रुग्ण मुख्यतः लक्षणं दिसल्यावर, आजार वाढल्यावर पसरवतो. कोविड लक्षणांआधीच पसरायचा, तिथे विमानतळावर ताप मोजून फारसं काही हाती लागत नव्हतं. त्यामुळे बंदी आली की पहिलं हेच विचारा की हा आजार पसरतो कसा, आणि ही बंदी उठणार कधी, कशावरून ठरवणार. उत्तर मिळालं नाही तर परत परत विचारा.