निर्जन बेटांवर मंक सील मोजण्याचं हंगामी काम नेमकं कसं असतं? अर्ज करावा का?

अर्ज जरूर करा. पण सील आवडतात एवढ्याच कारणासाठी करत असाल, तर आधी हे वाचा. प्राणिशास्त्रात एमएस्सी झाल्यावर हवाईच्या दूरच्या बेटांवर एक हंगाम काढावा का, दिवसभर काय करावं लागतं आणि एकटेपणा झेपतो का, असं तुम्ही विचारलंय. मी हे काम लायसन बेटावर केलंय. त्यामुळे राहणीमानाबद्दल लिहितेय ते तिथलं. बाकी बेटांवर तपशील बदलतो, कामाचा गाभा तोच असतो.

थोडी पार्श्वभूमी. हवाईयन मंक सील ही सीलची दुर्मिळ जात, जगात सुमारे १,६०० उरलेत. त्यातले चारशेच्या आसपास वस्ती असलेल्या मुख्य बेटांवर दिसतात. बाकीचे वायव्येला निहोआपासून कुरेपर्यंत विखुरलेल्या छोट्या बेटांवर आणि प्रवाळी कंकणद्वीपांवर. हा सगळा पट्टा आता पापाहानाउमोकुआकेआ नावाचा संरक्षित प्रदेश आहे. परवान्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही. अमेरिकेची नोआ ही सागर आणि हवामानाचं काम बघणारी सरकारी संस्था १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे उन्हाळी कॅम्प लावत आली आहे. होनोलुलूहून जहाज निघतं, प्रत्येक बेटावर चार-दोन माणसं आणि त्यांचं सामान उतरवत पुढे जातं आणि हंगाम संपला की उलट्या क्रमाने गोळा करत येतं. मधल्या काळात आपण, सोबतचे लोक, पक्षी आणि सील.

आता काम. सकाळी निघायचं, किनाऱ्याने चालायचं, दिसेल तो प्रत्येक सील वहीत नोंदवायचा. कुठे पडलाय, नर की मादी, पिल्लू की पूर्ण वाढलेला, शेजारी कोण, अंगावर नवी जखम आहे का, कात टाकायला लागलाय का आणि किती टक्के टाकून झालीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा नक्की कोण. इथे मोजणी म्हणजे नुसती डोकी मोजणं नाही. जवळपास प्रत्येक सीलला ओळख असते. दूध तुटलेल्या पिल्लाच्या मागच्या दोन्ही परांना (वल्ह्यासारख्या पायांना) प्लास्टिकचा टॅग लावतात आणि टॅगच्या रंगावरून जन्माचं बेट कळतं. टॅग झिजतात, तुटतात, किंवा सील नेमका पर वाळूत खुपसून झोपतो. मग जुन्या व्रणांचे फोटो काढून ताडून बघायचे. शार्कच्या चाव्याचा अर्धगोल व्रण ओळखपत्राइतका उपयोगी पडतो, हे तिथे गेल्यावर कळतं.

शिवाय ब्लीच. केस रंगवताना वापरतात तसलं ब्लीच बाटलीत भरून, झोपलेल्या सीलच्या पाठीवर आकडा लिहायचा. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत नाही ना हे बघायचं, पोटावर सरकत जायचं, लिहायचं आणि तसंच मागे यायचं. चांगला लिहिणारा आला-गेला हे सीलला कळतही नाही. पुढचे काही आठवडे लांबूनच दुर्बिणीतून आकडा वाचता येतो. आणि मग तो सील कात टाकतो. मंक सीलचे नुसते केस गळत नाहीत, वरच्या कातडीचा थरच पट्ट्यापट्ट्यांनी सुटून येतो. आपला सुबक आकडा त्याबरोबर जातो. पुन्हा बाटली, पुन्हा पोटावर.

एवढी खटपट कशासाठी, हा प्रश्न मलाही पहिल्या काही दिवसांत पडला होता. उत्तर हळूहळू मिळतं. २०१६पासून मॉर्बिलिव्हायरसच्या (गोवराच्या विषाणूच्या जातकुळीतल्या) साथीची धास्ती म्हणून या सीलना लस देतात. लशीचे दोन डोस, मध्ये काही आठवड्यांचं अंतर. दुसरा डोस द्यायचा तर पहिला कोणाला दिला होता ते ठाऊक हवं आणि तोच सील पुन्हा सापडायला हवा. पिल्लांचंही तसंच. पिल्लू जन्मतः काळंभोर, पंधराएक किलोचं. आई पाच-सहा आठवडे त्याला पाजते आणि त्या काळात स्वतः काहीच खात नाही. ती खंगत जाते, पिल्लू फुगत जातं, आणि एक दिवस ती सरळ समुद्रात निघून जाते. पुढे त्या लठ्ठ पिल्लाला मासे कसे धरायचे ते कोणी शिकवत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत उपासमारीने मरणारे बरेच असतात. किती जगले हे सांगायचं तर दरवर्षी तेच टॅग पुन्हा वाचावे लागतात. त्यामुळे एका चुकीच्या अक्षराने कागदावर एखादा सील मरतो किंवा मेलेला जिवंत होतो. संध्याकाळी तंबूत बसून नोंदी ताडून बघण्याचा तास कंटाळवाणा वाटणार असेल, तर हे काम तुमचं नाही. माझ्या मते ज्याला वही नीट ठेवता येते तो माणूस इथे टिकतो. प्राण्यांवर जीव असणारे पुष्कळ येतात.

हात लावायची वेळ कमी येते, पण येते तेव्हा ती मोजक्या मिनिटांची असते. उत्तर प्रशांत महासागरातून वाहत आलेली जाळी आणि दोर किनाऱ्यावर येऊन पडतात. लहान सील चौकस असतात, त्यात डोकं घालतात. गळ्यातला दोर सील वाढेल तसा आत रुतत जातो. झोपेत गाठून कापला तर सुटका, निसटला तर पुन्हा दिसेपर्यंत वाट बघायची. कधी दोन माद्यांच्या भांडणात पिल्लांची अदलाबदल होते, तेव्हा योग्य पिल्लू योग्य आईकडे पोचवायचं. याच पट्ट्यातल्या फ्रेंच फ्रिगेट शोल्सला, म्हणजे लालोला, गॅलापागोस शार्क दूध पिणाऱ्या पिल्लांना उथळ पाण्यातून उचलतात. म्हणून तिथे दूध तुटलेली पिल्लं सुरक्षित बेटावर हलवतात. आज जिवंत असलेल्या मंक सीलपैकी सुमारे ३० टक्के अशा मदतीमुळे आहेत, असं नोआ सांगते. १९५०च्या दशकानंतर घसरतच गेलेली संख्या २०१३नंतर हळूहळू वाढायला लागली, त्यात या किरकोळ वाटणाऱ्या कामांचा वाटा मोठा आहे.

(नाकात ईल, म्हणजे सापासारखा मासा, अडकलेल्या सीलचा एक फोटो व्हायरल झाला होता, तो खरा आहे. लालोचा, २०१८चा. ईल हळूहळू ओढून काढतात. सील ठीक असतो, ईलचं काही खरं नाही.)

राहणीमानात सगळ्यात जास्त त्रास सामानाचा होतो. कपडे कोरे हवेत, बेटावर नेण्याआधी ४८ तास गोठवायचे. तंबू, पट्टे, कॅमेऱ्याची पिशवी, सगळ्याला हाच न्याय. एखादं बी किंवा मुंगी सोबत जाऊ नये म्हणून. अतिरेक वाटतो ना? लायसनवर १९०३च्या सुमारास व्यापारासाठी ससे सोडले होते. १९२३ साली शास्त्रज्ञांची मोहीम पोचली तेव्हा बेटाचं जवळजवळ वाळवंट झालं होतं आणि फक्त तिथेच सापडणारे तीन पक्षी त्यात कायमचे गेले. हे वाचल्यावर मी मोज्यांची शिवणसुद्धा उलटून बघायला लागले.

जेवण डबाबंद आणि कोरडं, घट्ट झाकणाच्या बादल्यांत. पिण्याचं पाणी बरोबर नेलेलं, त्यामुळे आंघोळ समुद्रात. वीज सौर पॅनेलची. पक्ष्यांचा गोंगाट रात्रीही थांबत नाही. शिअरवॉटर पक्षी वाळूत बिळं करतात आणि चालताना पाय खचून आत जातो. तसं झालं की थांबून हाताने वाळू उपसायची, आतला पक्षी सुखरूप आहे ना बघायचं. म्हणूनच बेटाच्या मधून आडवं जाणं सगळे टाळतात.

एकटेपणाबद्दल खरं सांगायचं तर एकटं असणं अवघड जात नाही. एकटं राहायलाच मिळत नाही हे अवघड जातं. त्याच तीन-चार माणसांबरोबर महिनोन्‌महिने. कोण भांडी तशीच ठेवतं, कोण सकाळी उठल्याबरोबर गप्पा सुरू करतं, याचे वाद सीलपेक्षा जास्त डोकं खातात. आमच्यात एक अलिखित नियम होता: तंबूची चेन बंद असेल तर आग लागल्याशिवाय हाक मारायची नाही. त्याने पुष्कळ काही वाचलं.

मनाची आणखी एक तयारी हवी. जागाच नाहीशी होऊ शकते. लालोमधलं ईस्ट बेट पिल्लांच्या जन्मासाठी फार महत्त्वाचं होतं. ऑक्टोबर २०१८मध्ये वालाका चक्रीवादळाने ते जवळजवळ पुसून टाकलं. नंतर थोडी वाळू परत साठली, पण ते बेट काही पूर्वीसारखं राहिलं नाही. जिथे तुम्ही चालाल, तिथे पुढच्या वर्षी चालायला किनारा असेलच असं नाही.

अर्जाचं म्हणाल तर अमेरिकेत काम करण्याची परवानगी आधी तपासा, बहुतेकांचं तिथेच अडतं. पत्रात सीलवरचं प्रेम एका ओळीत संपवा. छोटी बोट चालवता येते का, दुर्गम भागातला प्रथमोपचार शिकलाय का, जनरेटर किंवा सौर बॅटरी बिघडली तर उघडून बघता येते का, याआधी अनोळखी लोकांबरोबर कॅम्पात किती काळ राहिलात, हे सविस्तर लिहा. निवड झाली की निघायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. दाढ दुखते म्हणून जहाज परत येत नाही.