‘गेट’चे अर्थ पाठ करून घेऊ नका, मुलाला आधी चिनी ‘ता’ विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चीनमधल्या सूचौमध्ये शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा तुमच्याकडे इंग्रजीसाठी येतो आणि त्याची आई बदल्यात तुम्हाला चिनी शिकवते. मुलाने वहीत ‘गेट’ या क्रियापदाचे तेवीस अर्थ चिनी भाषांतरासह उतरवून घेतलेत. तेवीसच्या तेवीस त्याला पाठ आहेत. तरीही परवा तो तुम्हाला म्हणाला, ‘आय फाउंड माय की फॉर टू अवर्स’, आणि जाता जाता, ‘प्लीज ओपन द लाइट’. तुम्ही विचारलंय की ‘गेट’, ‘टेक’, ‘रन’ यांचे किती अर्थ शिकवायचे आणि कोणत्या क्रमाने.

माझं मत विचाराल तर ती वही काही दिवस बाजूला ठेवा. मी हांगचौत सात वर्षं नोकरदार मोठ्या माणसांना संध्याकाळचं इंग्रजी शिकवत होते. पहिली दोन वर्षं मीसुद्धा अशाच याद्या दिल्या. याद्या पाठ व्हायच्या, परीक्षेत उतरायच्या, आणि बोलायला तोंड उघडलं की त्यातलं काहीच बाहेर यायचं नाही. याद्यांना अंत नसतो, हे आणखी एक. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले होते. पुढच्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’चे ६४५ निघाले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या कुठल्याही माणसाने ते कधी मोजून शिकलेले नाहीत.

तुमच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही. तिथल्या शाळांमध्ये त्याला नावसुद्धा आहे, ‘शू-त्स शंग-यी’, म्हणजे ओळखीचा शब्द पण अनोळखी अर्थ. परीक्षेत यावर प्रश्न येतात, म्हणून मुलं त्याला घाबरतात. ही इंग्रजीची खोड आहे आणि आपली भाषा सरळ आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. ही समजूत आधी काढायला हवी, आणि ती त्याच्याच भाषेतून निघते.

त्याला ‘ता’ विचारा. रोमन लिपीत हा शब्द ‘डी-ए’ असा लिहितात, पण कानाला तो आपल्या ‘ता’सारखाच लागतो. (त-थ, प-फ, क-ख हे फरक आपल्या कानात मुरलेले असल्यामुळे चिनी उच्चार पकडायला मराठी माणसाला पुष्कळ मदत होते. आईकडून शिकताना रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीत टिपणं काढा.) ‘ता’चा मूळ अर्थ मारणं, ठोकणं. पण चिनी माणूस फोन ‘ता’ करतो, बास्केटबॉल ‘ता’ करतो, टॅक्सी ‘ता’ करतो, छत्री ‘ता’ करतो, स्वेटर विणतो तेही ‘ता’, इंजेक्शन देतो तेही ‘ता’, विहिरीतून पाणी काढतो तेही ‘ता’. तिथल्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे वीसहून जास्त अर्थ दिलेले असतात.

याची तक्रार तरी किती जुनी! चीनच्या सुंग राजवटीतला विद्वान ओउयांग श्यू (१००७–१०७२) याने लिहून ठेवलंय की होडी बनवणं ‘ता’, मासे धरणं ‘ता’, पाणी काढणं ‘ता’, छत्री धरणं ‘ता’, जमीन मोजणंसुद्धा ‘ता’, आणि थोरामोठ्यांपासून सामान्यांपर्यंत सगळं जग ही एकच चूक करत आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक पन्नाशीचे गृहस्थ पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. आयुष्यभर ‘ता’ वापरूनही त्यांना त्याच्याकडे असं बघायची वेळ आली नव्हती. आपलंही तेच. ‘काढणे’ घ्या. आपण चित्र काढतो, कर्ज काढतो, गाईची धार काढतो, झोप काढतो, वाईट दिवस काढतो. हे अर्थ आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाहीत. ‘धार’ कानावर आली की ‘काढणे’चा अर्थ आपोआप ठरतो.

मुलाच्या हातात द्यायची किल्ली हीच. क्रियापद एकटं बघायचं नाही, त्याच्यासोबत काय आलंय ते बघायचं. ‘ता’च्या पुढे फोन आला की एक अर्थ, छत्री आली की दुसरा, हे तो रोज करतोच. इंग्रजीतही तेच करायचं आहे, एवढं त्याला पटलं की निम्मी भीती जाते.

आता चुकांकडे येते. माझा अनुभव असा की इंग्रजी क्रियापदाला अर्थ फार आहेत म्हणून चुका होत नाहीत. दोन भाषांच्या हद्दी एकमेकींवर चढतात, तिथे होतात. ‘ओपन द लाइट’ घ्या. चिनीत ‘खाय’ म्हणजे उघडणं. पण दार ‘खाय’, दिवा ‘खाय’, गाडी चालवणं ‘खाय’, सभा भरवणं ‘खाय’, फूल उमललं ‘खाय’, पाणी उकळलं ‘खाय’, डॉक्टरने औषध लिहून दिलं तेही ‘खाय’. मिटलेलं, थांबलेलं काहीतरी मोकळं झालं, सुरू झालं, असा त्यामागचा धागा आहे, आणि तो सुंदर आहे. इंग्रजीने तो तोडून ओपन, टर्न ऑन, ड्राइव्ह, होल्ड, ब्लूम, बॉइल असे तुकडे केले. मुलगा स्वतःचा धागा धरून चालला, म्हणून दिवा ‘ओपन’ झाला. त्याला ‘चूक’ म्हणण्याआधी हा धागा दाखवा. आपल्याकडे तर दिवा लावला की सुरू होतो आणि दार लावलं की बंद होतं. परक्या माणसाने ‘लावणे’ कसं समजून घ्यावं, याचा विचार केलात तर त्या मुलाकडे बघायची तुमची नजर बदलेल.

‘फाउंड माय की फॉर टू अवर्स’ ही चूक मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्या मुळाशी गेलं की एकदम बऱ्याच गोष्टी सुटतात. चिनीत ‘चाव’ म्हणजे शोधणं. सापडलं हे सांगायला त्याला ‘ताव’ जोडतात, ‘चाव-ताव’. आधी क्रिया, मग तिचं फळ, असे दोन तुकडे. ‘खान’ म्हणजे बघणं, ‘खान-च्येन’ म्हणजे दिसणं. ‘थिंग’ म्हणजे ऐकणं, ‘थिंग-च्येन’ म्हणजे ऐकू येणं. इंग्रजीत मात्र प्रयत्नाला एक शब्द आणि फळाला वेगळाच. लुक फॉर आणि फाइंड, लुक आणि सी, लिसन आणि हिअर. मुलाने ‘फाइंड’समोर नुसतं ‘चाव’ लिहिलेलं असणार, ‘ताव’ गळलेलं. वही उघडून बघा, बहुधा तसंच सापडेल. त्याला सांगा की ‘फाइंड’ म्हणजे पूर्ण ‘चाव-ताव’. सापडणं एका क्षणात होतं, ते दोन तास चालू शकत नाही. दोन तास जे चाललं ते ‘चाव’, म्हणजे लुकिंग फॉर. आपल्याकडे शोधणे-सापडणे, बघणे-दिसणे, ऐकणे-ऐकू येणे अशा जोड्या जिवंत आहेत, त्यामुळे हा फरक तुम्हाला समजवायला सोपा जाईल. माझ्या वर्गात या तीन जोड्यांवर दोन पूर्ण संध्याकाळी गेल्या आणि त्या सत्कारणी लागल्या.

असाच गोंधळ ‘बॉरो’ आणि ‘लेंड’चा होतो, कारण चिनीत दोन्हींना ‘च्ये’ हा एकच शब्द आहे. मागून ‘केय’ जोडलं तर देण्याची दिशा पक्की होते. म्हणून ‘लेंड’समोर त्याने ‘च्ये-केय’ लिहावं, नुसतं ‘च्ये’ नको. भाड्याने देणं आणि घेणं यालाही तिथे एकच क्रियापद आहे, पण इंग्रजीत ‘रेंट’ही दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तिथे काही अडत नाही.

उलटा प्रकारही असतो. इंग्रजीचं एक ‘प्ले’ चिनीत फुटून जातं. पियानो ‘थान’, व्हायोलिन ‘ला’, बासरी ‘छ्वे’, फुटबॉल ‘थी’, बास्केटबॉल ‘ता’, बुद्धिबळ ‘श्या’, आणि मोबाइलवरचा गेम ‘वान’. यातल्या बहुतेक शब्दांत हाताची, पायाची किंवा तोंडाची नेमकी कृती आहे, छेडणं, ओढणं, फुंकणं, लाथ मारणं. इथे मुलगा चुकत नाही, कारण अनेकांतून एकाकडे येणं सोपं असतं. ‘वेअर’मध्ये मात्र तो अडकेल. कपडे-बूट ‘छ्वान’ आणि टोपी, चष्मा, घड्याळ ‘ताय’ हा फरक इंग्रजीत नाही, ते बरंच. पण ‘छ्वान’ म्हणजे बूट चढवण्याची क्रियाही आणि पायात बूट असणंही. म्हणून दारात बूट घालता घालता तो म्हणेल, ‘वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज’. त्या क्षणी, बूट त्याच्या हातात असतानाच, ‘पुटिंग ऑन’ शिकवा. पुस्तकातून ते पोचत नाही.

आता तुमचा ‘गेट’. तेवीस अर्थांऐवजी त्याच्याकडून चार वाक्यं करून घ्या आणि ‘गेट’च्या मागे काय येतं त्यावर बोट ठेवा. मागे वस्तू आली, ‘गेट अ लेटर’, तर ती माझ्याकडे आली. मागे ठिकाण आलं, ‘गेट टू शांघाय’, तर मी तिथे पोचलो. मागे स्थिती आली, ‘गेट टायर्ड’, तर मी तशा अवस्थेत गेलो. मागे क्रियापदाचं तिसरं रूप (पास्ट पार्टिसिपल) आलं, ‘गेट कॉट इन द रेन’, तर माझ्यावर काहीतरी घडलं. चारही वाक्यांत आधी नव्हतं ते आता झालं. शब्द वेगळे, हालचाल एकच. ‘गेट होम’मध्ये ‘टू’ का नाही, हे तो विचारेलच. ते वाक्य तसंच पाठ करू द्या, त्याचं कारण शोधत बसू नका. ‘हॅव गॉट’ सध्या सोडून द्या, ते ‘हॅव’च्या घरातलं आहे.

चिनीत ‘तं’ म्हणून एक क्रियापद आहे, मिळणं या अर्थाचं. बक्षीस ‘तं’ आणि आजारही ‘तं’. म्हणजे ‘गेट अ प्राइझ’ आणि ‘गेट अ कोल्ड’ या दोन्ही जागी त्याची भाषा इंग्रजीच्या शेजारी उभी आहे. हे त्याला स्वतः शोधू द्या, फार आनंद होतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तिथली तरुण मुलं आपसात लिहिताना इंग्रजी ‘गेट’ उचलून त्याला चिनी ‘ताव’ जोडतात. ‘गेट-ताव’ म्हणजे मुद्दा कळला, पोचला. ‘चाव-ताव’मधलाच हा ‘ताव’. म्हणजे ‘आय गॉट इट’चा अर्थ त्याला आधीपासून येतो आणि तो रोज वापरतोही. तेवीस अर्थांच्या यादीत त्याने याला कितवा नंबर दिलाय ते बघा.

‘टेक’बद्दल थोडक्यात सांगते. तिथे समान धागा शोधायला जाऊ नका. मी प्रयत्न केला आणि वर्गातली माणसं जास्तच गोंधळली. चिनीत बस ‘बसतात’, औषध ‘खातात’, फोटो ‘टिपतात’, वेळ ‘खर्चतात’. म्हणून टेक अ बस, टेक मेडिसिन, टेक अ फोटो, टेक टाइम हे जोडशब्द असल्यासारखेच शिकवा. अशा जोडीला तिथे ‘ता-फेय’ म्हणतात आणि हा शब्द मुलांना शाळेतून माहीत असतो. तोच वापरा.

‘रन आउट’, ‘यूज अप’, ‘पुट डाउन’ असे जोडलेले प्रकार चिनी विद्यार्थी टाळतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लियाओ आणि फुकुया या संशोधकांनी २००४ साली चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून हेच मांडलं. मधल्या पातळीवरचे विद्यार्थी जोडक्रियापद टाळून एका शब्दाचं क्रियापद निवडतात, पुढच्या पातळीवर हे कमी होतं. मला याचं वाईट वाटतं, कारण त्यांच्या भाषेत अशीच रचना आहे. ‘योंग’ वापरणं, ‘योंग-वान’ वापरून संपवणं, म्हणजे सरळ यूज अप. ‘फांग-श्या’ म्हणजे पुट डाउन, अगदी तुकड्याला तुकडा. ‘चान-छी-लाय’ म्हणजे स्टँड अप. सगळ्याच जोड्या अशा जुळत नाहीत, ‘गिव्ह अप’ला हा उपाय लागू नाही. पण पहिल्या दहा-पंधरा जोड्या जुळणाऱ्या निवडल्या तर त्याचा धीर वाढतो, मग न जुळणाऱ्याही तो घेतो.

पुढच्या वेळी आईलाही थोडा वेळ बसवून घ्या. तिच्याकडून ‘ता’ची दहा वाक्यं घ्या आणि मुलाला ती इंग्रजीत करायला सांगा. फारच थोड्या वाक्यांत ‘हिट’ येईल, हे त्याला स्वतःच दिसेल. मग उलटं करा. तुम्ही ‘प्ले’ची वाक्यं चिनीत बोला. बास्केटबॉललाही तुम्ही ‘वान’ म्हणाल, तेव्हा त्याला तुम्हाला थांबवून दुरुस्त करू द्या.